सचिव म्हणजे कोण, आणि किती महिन्यांचा?

मा. संपादक,

स. न. वि. वि.

परदेशातल्या मंत्रिमंडळांच्या बातम्या मराठीत येताना एक घोळ हमखास होतो. जुलै २०२४ मध्ये वेस स्ट्रीटिंग ब्रिटनचे ‘आरोग्य सचिव’ झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये पुण्य सलिला श्रीवास्तव भारताच्या ‘आरोग्य सचिव’ झाल्या आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये रॉबर्ट केनेडी ज्युनियर अमेरिकेचे ‘आरोग्य सचिव’ झाले. शब्द एकच असल्यामुळे वाचकाला तिघे एकाच पायरीवरचे वाटतात. प्रत्यक्षात स्ट्रीटिंग आणि केनेडी मंत्री झाले, तर श्रीमती श्रीवास्तव सनदी अधिकारी आहेत. इंदूरात तर आम्ही सकाळी हिंदी दैनिक वाचतो आणि दुपारी मराठी, त्यामुळे घोळ दुप्पट. हिंदीतला ‘स्वास्थ्य सचिव’ भोपाळच्या वल्लभ भवनात, म्हणजे मध्य प्रदेशाच्या मंत्रालयात, बसणारा असू शकतो, दिल्लीचा असू शकतो किंवा वॉशिंग्टनचाही. निदान मराठीने तरी परदेशातल्या राजकीय सेक्रेटरीला सरळ ‘आरोग्यमंत्री’ म्हणावे. ही नुसती भाषेची तक्रार नव्हे. नेमणूक कोण करतो, कशी करतो आणि नेमलेला माणूस किती दिवस टिकतो, हे तिन्ही देशांत इतके वेगळे आहे की एका शब्दाखाली ते झाकून जाते.

अमेरिकेत अध्यक्ष नाव सुचवतात. उमेदवार आपले आर्थिक हितसंबंध लेखी जाहीर करतो, एफबीआय त्याची पार्श्वभूमी तपासते आणि मग सिनेटच्या समितीपुढे जाहीर सुनावणी होते. आरोग्यमंत्र्याच्या नावावर मतदान होते ते सिनेटच्या वित्त समितीत, कारण मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी आरोग्यविम्याच्या मोठ्या खर्चाच्या योजना तिच्या अखत्यारीत येतात. आरोग्यविषयक समितीही प्रश्न विचारते, पण मतदान करत नाही. केनेडींचे नाव वित्त समितीत १४ विरुद्ध १३ असे कसेबसे पुढे सरकले आणि १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पूर्ण सभागृहात ५२ विरुद्ध ४८ ने मंजूर झाले. रिपब्लिकनांपैकी एकट्या मिच मॅककॉनेल यांनी विरोधात मत दिले. त्यांना स्वतःला लहानपणी पोलिओ झालेला, आणि वाद केनेडींच्या लसींबद्दलच्या शंकेखोर भूमिकेचा होता. हे सगळे कॅमेऱ्यासमोर होते, ही त्या पद्धतीची जमेची बाजू. पण एवढी चाळणी लावली म्हणजे माणूस टिकतो, असेही नाही. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राच्या संचालकपदाला सिनेटची मंजुरी आता लागते. अशा मंजुरीने त्या खुर्चीवर पहिल्याने आलेल्या सुझान मोनारेझ यांचे नाव २९ जुलै २०२५ रोजी ५१ विरुद्ध ४७ ने मंजूर झाले, आणि ऑगस्ट संपण्याआधी त्यांना पदावरून काढले गेले.

ब्रिटनमध्ये मतदान वगैरे काही नाही. पंतप्रधान नाव देतात, राजा नेमतो. २०२२ या एका वर्षात तिथे साजिद जाविद, स्टीव्ह बार्कले, थेरेसा कॉफी आणि पुन्हा बार्कले, असे तीन वेळा आरोग्यमंत्री बदलले. मात्र त्या दालनाशेजारी आणखी एक खुर्ची असते, ‘पर्मनंट सेक्रेटरी’ची. आपल्याकडच्या सचिवाचे खरे भावंड ते. त्या खुर्चीवर ख्रिस वॉर्मल्ड मे २०१६ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत बसले होते. या काळात सात निरनिराळी माणसे आरोग्यमंत्री होऊन गेली. मंत्री बदलला तरी खात्याची आठवण एका डोक्यात शाबूत राहावी, यासाठीच ते पद असते.

आता आपल्याकडे या. ३० सप्टेंबर २०२३ ला राजेश भूषण केंद्रीय आरोग्य सचिवपदावरून निवृत्त झाले. ते जुलै २०२० पासून होते, म्हणजे तीन वर्षांहून अधिक. त्यांच्या जागी सुधांश पंत आले आणि तीन महिन्यांत राजस्थानचे मुख्य सचिव होऊन जयपूरला गेले. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र संवर्गाचे अपूर्व चंद्र आले. ते ३० सप्टेंबर २०२४ ला निवृत्त झाले, म्हणजे जेमतेम नऊ महिने. मग श्रीमती श्रीवास्तव. बारा महिन्यांच्या अंतरात एका खुर्चीने चार माणसे पाहिली, तीही लोकसभेची निवडणूक आणि मंत्रिबदल मध्ये असताना. ब्रिटनमध्ये मंत्री फिरतात आणि सचिव बसून असतो. आपल्याकडे मंत्री बऱ्याचदा बसून असतो आणि सचिव फिरतात. जगतप्रकाश नड्डा आपल्या पहिल्या खेपेला २०१४ ते २०१९ अशी साडेचार वर्षे आरोग्यमंत्री होते. तेवढ्या काळात सचिवाच्या दाराची पाटी अनेकदा बदलली.

असे का होते? लोक लगेच म्हणतात, राजकारण. राजकारण असतेच, पण मुख्य कारण वयाच्या हिशेबात आहे आणि तो हिशेब कोणीही बोटांवर करू शकतो. आयएएस अधिकारी साधारण चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या वर्षी सेवेत येतो. केंद्रात सचिवपदापर्यंत पोचायला तीस-पस्तीस वर्षे जातात. अपूर्व चंद्र १९८८ च्या तुकडीचे, म्हणजे आरोग्य खात्यात आले तेव्हा सेवेची पस्तीस वर्षे पुरी झालेली. श्रीमती श्रीवास्तव १९९३ च्या. निवृत्तीचे वय ६०. पंचविसाव्या वर्षी आलेला माणूस तेहतीस वर्षांनी सचिव झाला तर त्याच्याजवळ उरतात दोन वर्षे. त्यातले वर्ष-दीड वर्ष आधी दुसऱ्या एखाद्या खात्यात जाते, कारण आरोग्य हे मोठे खाते मानले जाते आणि तिथे बहुधा आधी एक-दोन खात्यांचे सचिवपद भूषवलेला माणूस आणतात. मोठ्या खात्याला अनुभवी माणूस हवा, हा विचार योग्यच. पण त्याचा उलटा परिणाम असा, की खाते जितके मोठे तितकी सचिवाची शिल्लक सेवा कमी.

निवृत्तीच्या तारखेबद्दल एक बारकावा वार्ताहरांना उपयोगी पडेल. मूलभूत नियम ५६ प्रमाणे साठ वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारनंतर अधिकारी निवृत्त होतो. जन्मतारीख महिन्याची एक असेल तर मात्र आधीच्या महिन्याच्या अखेरीला. म्हणजे १ ऑक्टोबरचा जन्म असलेला माणूस ३० सप्टेंबरला घरी जातो आणि २ ऑक्टोबरचा ३१ ऑक्टोबरला. एका दिवसाने पूर्ण महिन्याचा फरक पडतो. अधिकाऱ्यांच्या जन्मतारखा केंद्राच्या कार्मिक विभागाच्या नागरी सूचीत उघड असतात. नेमणुकीचा आदेश हातात आला की पहिल्यांदा तीच पाहावी. खुर्ची किती महिन्यांची, हे आदेशात लिहिलेले नसते, पण जन्मतारखेत असते.

याच नियम ५६ मध्ये एक सोय आहे, तिची चर्चा फारशी होत नाही. संरक्षण सचिव, परराष्ट्र सचिव, गृह सचिव आणि गुप्तचर संस्थांचे प्रमुख यांना सार्वजनिक हितासाठी निवृत्तीच्या वयानंतरही मुदतवाढ देऊन एकूण दोन वर्षे एका जागी ठेवता येते. साठी उलटली म्हणून गृह सचिवाला मध्येच उठवावे लागू नये, असा त्यामागचा हेतू. या यादीत आरोग्य सचिव नाही. २०२० च्या एप्रिलअखेर प्रीती सुदन निवृत्त व्हायच्या होत्या, साथ ऐन भरात होती, आणि त्यांना मिळाली ती तीन महिन्यांची मुदतवाढ, ३१ जुलैपर्यंत. त्या वेळी सरकारने एक गोष्ट मात्र शहाणपणाची केली. राजेश भूषण यांना एप्रिलमध्येच विशेष कार्य अधिकारी म्हणून खात्यात आणून बसवले. तीन महिने दोघांनी एकत्र फायली पाहिल्या आणि मग कार्यभार बदलला. श्रीमती श्रीवास्तव यांनाही ऑगस्ट २०२४ मध्ये असेच आधी आणले गेले. इंग्रजी आदेशातला ‘ओएसडी’ (ऑफिसर ऑन स्पेशल ड्यूटी, म्हणजे हाच विशेष कार्य अधिकारी) हा शब्द पाहून काही बातम्यांत ‘दुय्यम पदावर नेमणूक’ असा सूर लागतो, तो चुकीचा आहे. सचिवपदाच्या बाबतीत ओएसडी म्हणजे बहुतेक वेळा वारसदार. खेळपट्टीवर जाण्याआधी सीमारेषेवर पॅड बांधून बसलेला फलंदाज म्हणा.

नेमणूक करते कोण? मंत्रिमंडळाची नेमणूक समिती. नाव भारदस्त आहे, पण समितीत आज दोनच जण आहेत: पंतप्रधान आणि गृहमंत्री. पूर्वी संबंधित खात्याचा मंत्रीही असे. म्हणजे आपला सचिव कोण, यावर आज आरोग्यमंत्र्याचे मत विचारले जाईलही, पण सही लागत नाही. समितीपुढे जाण्याआधीची चाळणी म्हणजे ‘एम्पॅनलमेंट’, आपण तिला पात्रता-यादी म्हणू. एका तुकडीतल्या अधिकाऱ्यांचे वार्षिक कार्यमूल्यांकन अहवाल पाहिले जातात. २०१५ च्या सुमारापासून वरिष्ठ, कनिष्ठ आणि बाहेरच्या लोकांकडूनही गुपचूप मत घेतले जाते, त्याला ‘थ्री सिक्स्टी डिग्री’ म्हणतात. संसदेच्या समितीने २०१७ मध्ये या पद्धतीवर ती अपारदर्शक आणि व्यक्तिसापेक्ष असल्याचा ठपका ठेवला होता. कोणी काय मत दिले ते अधिकाऱ्याला कळत नाही, आणि नाव का गाळले तेही नाही. यादीत नाव आले म्हणजे पद मिळाले, असेही नसते. तो फक्त प्रवेशपरवाना आहे. जागा रिकामी व्हायला आली की कॅबिनेट सचिव नावे सुचवतात, कार्मिक विभागातला आस्थापना अधिकारी कागद तयार करतो आणि समितीची मंजुरी एका ओळीत बाहेर पडते. त्या ओळीत हीच व्यक्ती का, याचे उत्तर कधी नसते.

मग आम्हा इंदूरकरांना दिल्लीच्या या खुर्चीचे काय? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीप्रमाणे सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हा राज्यांचा विषय आहे. पण राष्ट्रीय आरोग्य मिशनचा पैसा केंद्र आणि मध्य प्रदेश यांच्यात ६० : ४० असा वाटलेला असतो. ईशान्य आणि हिमालयातल्या राज्यांना ९० : १०. जिल्ह्याने आराखडा करायचा, भोपाळने तो एकत्र करून दिल्लीला पाठवायचा, तिथल्या समन्वय समितीने बसून तो कापायचा-जोडायचा आणि मंजुरीचा कार्यवृत्तांत खाली यायचा. या साखळीत वरचा एक माणूस बदलला की खालचे सगळे थबकते. कोणी मुद्दाम अडवते म्हणून नव्हे. नवा सचिव पहिल्या महिन्यात सादरीकरणे पाहतो. केंद्रात ऑक्टोबरपासून अर्थ मंत्रालयाबरोबर सुधारित अंदाजांच्या बैठका सुरू होतात. १ ऑक्टोबरला रुजू झालेला सचिव त्या बैठकीला आपल्या पूर्वसुरीने मांडलेले आकडे घेऊन जातो. त्यातला कोणता आकडा हट्टाने राखायचा आणि कोणता सोडायचा, हे त्याला अजून कळलेले नसते. अर्थ खात्याच्या माणसांना ते पक्के कळते. सहा महिन्यांनी ३१ मार्च येतो आणि न खर्चलेली रक्कम परत जाते.

आणखी जवळून पाहायचे तर कार्यभार हस्तांतरणाचा कागद पाहा. एकच पान असते. वर पदनाम, मध्ये तारीख आणि ‘पूर्वाह्न’ की ‘अपराह्न’, खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही. एवढ्यावर वेतन आणि जबाबदारी दोन्ही बदलतात. त्या कागदासोबत एक टिपणी असावी अशी अपेक्षा असते आणि ती बऱ्याचदा नसतेच, किंवा असते ती ‘सर्व योजनांची अंमलबजावणी सुरू आहे’ छापाची. टिपणीत काय हवे, ते सांगतो. न्यायालयाच्या अवमाननेच्या नोटिसा कोणत्या आणि त्यांची पुढची तारीख काय. निविदा उघडल्या असतील तर दरांची वैधता केव्हा संपते, कारण ती संपली की पुन्हा निविदा काढावी लागते आणि औषधांचा साठा मधल्या काळात आटतो. विधिमंडळात दिलेली आश्वासने कोणती बाकी आहेत. लेखापरीक्षणातले कोणते आक्षेप लोकलेखा समितीपुढे जाणार. मागच्या वर्षाच्या अनुदानाची उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे पैसा ठरल्या कामालाच खर्चल्याचे दाखले, कोणत्या जिल्ह्यांकडून आली नाहीत. वित्तीय नियमांप्रमाणे वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत ती द्यावी लागतात, न दिल्यास पुढचा हप्ता अडतो. या पाच-सहा गोष्टी दोन पानांत मावतात. ती दोन पाने नसली की नवा माणूस त्या गोष्टी एकेक करून अपघाताने शोधतो.

राज्यांत नेमणूक समिती वगैरे नसते. मध्य प्रदेशात सामान्य प्रशासन विभागाचा आदेश निघतो, वर ‘राज्यपालांच्या नावाने’ आणि प्रत्यक्षात मुख्यमंत्र्यांच्या मंजुरीने. इथे वाचकाला चकवणारी गोष्ट म्हणजे पदनाम. कधी आरोग्य खात्याचे प्रमुख ‘प्रधान सचिव’ असतात, कधी ‘अप्पर मुख्य सचिव’. खुर्ची तीच. दर्जा माणसाच्या सेवाकाळाप्रमाणे ठरतो: साधारण पंचवीस वर्षांनी प्रधान सचिव, तीस वर्षांनी अप्पर मुख्य सचिव. तेव्हा ‘खात्याला आता अप्पर मुख्य सचिव दर्जाचा अधिकारी’ अशा मथळ्यात खात्याचे महत्त्व वाढल्याचे जे सूचित होते, त्यात फारसा अर्थ नाही.

राज्यांसाठी मुदतीचा नियम मात्र आहे. कॅबिनेट सचिव राहिलेले टी. एस. आर. सुब्रमण्यन आणि इतर निवृत्त अधिकाऱ्यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी निकाल दिला. त्यानंतर जानेवारी २०१४ मध्ये आयएएस संवर्ग नियम, १९५४ मधला नियम ७ बदलला. संवर्गपदावर नेमलेला अधिकारी किमान दोन वर्षे तिथे राहील. त्याआधी हलवायचे तर मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील नागरी सेवा मंडळाची शिफारस लागेल. आणि मुदतीआधी कोणाला व का हलवले, याचा तिमाही अहवाल मंडळ केंद्राला देईल. वाचायला छान. पण इथेच घोडे पेंड खाते. नियमात चार अपवाद आहेत: पदोन्नती, निवृत्ती, राज्याबाहेर प्रतिनियुक्ती आणि दोन महिन्यांहून लांब प्रशिक्षण. आरोग्यासारख्या वरच्या पदावर बसणारा माणूस यातल्या पहिल्या तिहींच्या उंबरठ्यावरच उभा असतो. शिवाय मंडळाची शिफारस नाकारायचा अधिकार सक्षम प्राधिकाऱ्याला आहे, फक्त कारणे नोंदवायची. ती कारणे फाईलमध्ये राहतात. महाराष्ट्रात २००५ चा बदल्यांचा कायदा निदान वाचकांना तोंडपाठ आहे, ‘तीन वर्षे’ म्हटले की तलाठ्यालाही कळते. आमच्याकडे खालच्या कर्मचाऱ्यांसाठी अधूनमधून ‘स्थानांतरण नीति’, म्हणजे बदल्यांचे धोरण, निघते, काही आठवडे बदल्यांवरची बंदी उठते आणि तेवढ्या दिवसांत भोपाळच्या गाड्या भरून जातात.

मंत्र्यांच्या बाबतीत मध्य प्रदेशाने देशाला एक धडा दिला, तो विसरला जाऊ नये. २० मार्च २०२० ला कमलनाथांनी राजीनामा दिला. त्यांच्या सरकारात आरोग्य खाते काही दिवसांपूर्वीपर्यंत तुलसी सिलावट यांच्याकडे होते, म्हणजे आमच्या इंदूर जिल्ह्यातल्या सांवेरच्या आमदाराकडेच. २३ मार्चला शिवराजसिंह चौहान यांनी एकट्याने शपथ घेतली. इंदूरला करोनाचे पहिले रुग्ण सापडले ते त्याच आठवड्यात. पाच मंत्र्यांचा शपथविधी झाला २१ एप्रिलला. म्हणजे २९ दिवस राज्याला आरोग्यमंत्रीच नव्हता. त्याच सुमारास खात्यातल्या वरिष्ठांनाच लागण झाली आणि वरच्या खुर्च्याही बदलल्या. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६४ मध्ये मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांहून जास्त नको, हे सगळ्यांना माहीत असते. आमच्या २३० सदस्यांच्या सभागृहात ती मर्यादा ३४ येते. पण त्याच कलमात मुख्यमंत्र्यांसह किमान १२ हवेत, असेही लिहिले आहे, ते तेव्हा कोणी फारसे उद्धृत केले नाही.

२०२४ च्या सुरुवातीला राज्याने लोकस्वास्थ्य आणि वैद्यकीय शिक्षण ही दोन खाती एकत्र केली. त्याआधी जिल्हा रुग्णालय एका सचिवाखाली आणि इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे एम. वाय. रुग्णालय दुसऱ्या. जिल्ह्यातून एमवायला पाठवलेल्या रुग्णाचा प्रश्न दोन खात्यांच्या सीमेवर लोंबकळायचा. आता खुर्ची एक झाली, हे चांगलेच झाले. पण मग त्या एका खुर्चीवरचा माणूस वर्षाच्या आत बदलला तर दोन्ही खाती एकदम अनाथ होतात, हेही ध्यानात ठेवायला हवे. महाराष्ट्रात ही खाती अजून वेगळी आहेत.

या विषयावर पत्रे येतात ती बहुधा ‘आरोग्य सचिव डॉक्टरच हवा’ अशी. मागणी समजण्यासारखी आहे, आणि तशी उदाहरणेही आहेत. आरोग्य संशोधन विभागाचा सचिव वैद्यकीय संशोधकच असतो, तोच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा महासंचालकही. आयुष मंत्रालयात वैद्य राजेश कोटेचा २०१७ पासून आहेत. त्यांच्याबद्दल मते काही असोत, मुदतीच्या बाबतीत पाहा: खात्याला एक चेहरा सलग वर्षानुवर्षे मिळाला. मला वाटते डॉक्टर की सनदी, हा प्रश्न दुय्यम आहे. सचिवाचे निम्मे काम पैसा, भरती, खरेदी आणि न्यायालय यांचे असते. ते डॉक्टरला शिकता येते आणि सनदी अधिकाऱ्याला साथरोगशास्त्र समजून घेता येते, पण दोघांनाही त्यासाठी पहिले वर्ष लागते. नऊ महिन्यांत कोणीच काही शिकत नाही. केशव देसिराजू हे मानसिक आरोग्याच्या कायद्यावर मन लावून काम करणारे सचिव. त्यांना फेब्रुवारी २०१४ मध्ये ग्राहक व्यवहार खात्यात हलवले. कायदा झाला २०१७ मध्ये. तीन वर्षांचा उशीर सगळा त्या बदलीचा, असे कोणी म्हणणार नाही, पण ज्याने मसुदा घडवला तो माणूस तो पुढे रेटायला खात्यात उरला नव्हता, हे खरे.

जुन्या संस्थानांत हा प्रश्न निराळ्या रीतीने सुटलेला होता. तंजावरच्या मराठी घराण्यातले सर टी. माधवराव त्रावणकोरात १८५७ पासून १८७२ पर्यंत दिवाण होते. मग १८७३ ते १८७५ आमच्या इंदूरला, आणि पुढे १८८२ पर्यंत बडोद्याला. तीन राज्यांत नाव त्यांचेच घेतले जाते, पण पाठ्यपुस्तकात जाते ते त्रावणकोर आणि बडोदे. इंदूरच्या वाट्याला दोनच वर्षे आली होती.

आता आपल्या दैनिकाकडे मागणे. नेमणुकीची बातमी छापताना चार गोष्टी जोडाव्यात, एका चौकटीत मावतील. नव्या अधिकाऱ्याची निवृत्तीची तारीख. आधीचा अधिकारी नेमके किती महिने होता. नव्या अधिकाऱ्याने आरोग्य खात्यात पूर्वी कधी काम केले आहे का. आणि नेमणूक पूर्णवेळ आहे की अतिरिक्त कार्यभार. तिसऱ्या गोष्टीसाठी कार्मिक विभागाच्या संकेतस्थळावर प्रत्येक आयएएस अधिकाऱ्याची ‘ईआर शीट’ मिळते. तिच्यात प्रत्येक पदाची तारीख आणि अनुभवाचा विषय नोंदलेला असतो. पाच मिनिटांचे काम आहे. अतिरिक्त कार्यभाराचा उल्लेख आदेशाच्या शेवटच्या ओळीत ‘आपल्या सध्याच्या कामासोबत’ अशा मवाळ शब्दांत असतो, म्हणून तो नजरेतून सुटतो.

राज्यातल्या बदल्यांसाठी माहितीचा अधिकार वापरावा. अर्ज सामान्य प्रशासन विभागाच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे, शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. ‘बदली का केली’ असा प्रश्न विचारला तर ‘कारण देणे माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असे उत्तर येऊन अर्ज निकाली निघतो. कागद मागावा: अमुक तारखेच्या आदेशापूर्वी नागरी सेवा मंडळाची बैठक कोणत्या तारखेला झाली, तिच्या कार्यवृत्ताची प्रत, आणि नियम ७ खाली त्या तिमाहीत केंद्राला पाठवलेल्या अहवालाची प्रत. कलम ८(१)(झ) पुढे करून मंत्रिमंडळाचे कागद म्हणून नकार आला तर त्याच कलमाचे परंतुक (‘परंतु’ म्हणून पुढे जोडलेली अट) वाचून दाखवावे. निर्णय झाल्यावर आणि विषय संपल्यावर कारणे व आधार जाहीर करायचे, असे तिथे स्पष्ट आहे. आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालचे मंडळ म्हणजे मंत्रिमंडळ नव्हे, हे पहिल्या अपिलात पहिल्या ओळीला लिहावे.

आणि नियम ५६ च्या यादीत आरोग्य सचिवाचे नाव घालायला किती खर्च येतो, हा प्रश्न आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीने एकदा कार्मिक विभागाला विचारून पाहावा.

आपले,
रामबाग परिसरातील काही निवृत्त शासकीय कर्मचारी,
इंदूर

ता. क. इंग्रजी आदेशात दोन नावांच्या मध्ये ‘व्हाइस’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ ‘च्या जागी’ असा आहे. तो पाहून ‘उपसचिव’ लिहू नये.